पोटाच्या पेशंटचा काउंट रात्रीच कळला पाहिजे

प्रति,
आमच्या जिल्ह्यातली सरकारी रुग्णालयं चालवणारे सर्व अधिकारी

महोदय,

मी तुमच्याच खात्यातून निवृत्त झालेला प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कोकणातल्या तीन सरकारी रुग्णालयांत मिळून ३१ वर्षं मी रक्त, लघवी, थुंकी तपासली. त्यातली शेवटची १९ वर्षं आमच्या खाडीकाठच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेली. लोक अजून मला लॅबवाले भाऊ म्हणूनच ओळखतात.

पोटाच्या पेशंटचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, रात्रीच व्हावी, हा यातला मजकूर मी आधी अर्ज करून तुमच्याकडेच पाठवला होता. गणपतीच्या आधी दिलेल्या अर्जाचं उत्तर दिवाळी उलटल्यावर आलं. रक्ताचे अहवाल २४ तासांच्या आत मिळत आहेत, सबब सेवा सुरळीत असून वेगळ्या कार्यवाहीची गरज नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. ते उत्तर वाचून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पोटात पू झालेल्या माणसाला २४ तासांनी आलेला अहवाल काय कामाचा, हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांनीच हे लिहिलं होतं. म्हणून आता सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, या आषाढात गेला. वय ६७. थोडी आंब्याची कलमं आणि चार कुणगे भात, एवढ्यावर त्याचा संसार. लावणीच्या दिवसांत गुडघे धरले की तो मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायचा आणि पहाटे पेजेच्या आधीच, रिकाम्या पोटी घ्यायचा. मी किती वेळा रागावलो असेन. सोमवारी दुपारी चिखलात उभा असतानाच त्याच्या पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली. घरी येऊन ओवा चावला आणि वहिनीला म्हणाला, "वायच पित्त झालाहा, सकाळपर्यंत बरा होतला." रात्री कळ खरंच थोडी कमी झाली. आतडं किंवा जठर फुटल्यावर मध्ये असे काही फसवे तास येतात, पण हे घरच्यांना कसं कळणार? मंगळवारी संध्याकाळी पोट फुगलं, श्वास भराभर चालू लागला, हातपाय गार पडले. वहिनीचा फोन आला तसा मी रिक्षा घेऊन निघालो. पावणेनऊला आम्ही रुग्णालयात होतो.

ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, बंधपत्रावर आलेले आणि एकटे. त्यांच्याबद्दल माझी कणभरही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. त्या रात्री त्यांच्याकडे एक अडलेली बाळंतीण होती, एक सर्पदंश होता आणि तापाचे नऊ पेशंट वॉर्डात होते. तरी ते लगेच आले. ताप जेमतेम ९९, नाडी ११६, रक्तदाब १०० वर ६०. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. पोट ताठ होतं. उभ्यानं एक्स-रे काढला असता तर फुटलेल्या जागेतून निघून छातीच्या पडद्याखाली साठलेली हवा दिसली असती. पण एक्स-रे काढणाऱ्याचं पद दोन वर्षं रिकामं. ते मला म्हणाले, "काका, काउंट हातात असता तर मी आत्ताच पाठवलं असतं. तापाची साथ आहे, लेप्टोच्या तापातही पोट दुखतं." सिस्टरनी रक्त घेतलं, जांभळ्या बुचाच्या बाटलीत भरलं, हलकेच चार-पाच वेळा उलटंसुलटं केलं आणि फ्रिजमधल्या स्टँडला लावलं. कारण ते तपासायला कोणी नव्हतं. सॅम्पल नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी ११ वाजता येणार होती.

ती बाटली ज्या फ्रिजमध्ये होती, त्याच्यापासून आठ पावलांवर माझी जुनी खोली. तिला कुलूप होतं. आत पेशी मोजायचं मशीन होतं, पण दीड वर्ष त्याला रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, नाही. मशीन नको, मी डॉक्टरांना म्हटलं, मला फक्त खोली उघडून द्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात न्यूबॉवर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकोन आखलेली काच आहे, रक्त पातळ करायच्या ट्यूर्क फ्लुइडची बाटली आहे, मायक्रोस्कोप आहे. पंधरा मिनिटांत काउंट देतो. किल्ली ऑफिसात, ऑफिसची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क गावाला गेलेला. शिवाय निवृत्त माणसानं केलेली तपासणी केसपेपरवर चढवता येत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तेही नियमाला धरूनच होतं. मी बाकड्यावर बसून राहिलो.

पहाटे पाचला दादाचा रक्तदाब उतरला. १०८ आली, पण घाटात दरड आली होती. वळसा घालून दुसऱ्या घाटानं वर पोचायला साडेदहा वाजले. दुपारी एकला पोट उघडलं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अल्सर फुटला होता आणि पोटभर घाण पसरली होती. शुक्रवारी पहाटे दादा गेला.

रक्ताचा अहवाल आला बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वहिनीच्या मोबाइलवर, इंग्रजीत. ती तेव्हा आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसली होती. मी तो वाचला. हिमोग्लोबिन १६.८. दादाचं रक्त मी आयुष्यभर तपासलं, ते कधी साडेबाराच्या वर गेलं नव्हतं. म्हणजे अंगातलं पाणी पोटात उतरून रक्त आटलं होतं. पांढऱ्या पेशी २,९००. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पेशी, ८४ टक्के आणि लिम्फोसाइट हा दुसरा प्रकार ९ टक्के. प्लेटलेट ८८ हजार.

चेंबरवर पांढऱ्या पेशी मोजताना रक्त २० पट पातळ करतात, चार कोपऱ्यांच्या चार मोठ्या चौकोनांतल्या पेशी मोजतात आणि आलेल्या आकड्याला ५० नं गुणतात. २,९०० म्हणजे चार चौकोनांत मिळून ५८ पेशी. निरोगी माणसात त्या शंभर-दीडशे असतात, पू झालेल्या धडधाकट तरुणात तीन-चारशेही दिसतात. त्या रात्री मला फक्त ५८ पेशी मोजायच्या होत्या. ट्यूर्क फ्लुइडनं तांबड्या पेशी विरघळतात आणि निळसर झालेले पांढरे ठिपके तेवढे उरतात. ते चौकोन रिकामे रिकामे दिसले असते आणि मला पुढचं काही मोजायची गरजही पडली नसती. डॉक्टरांनी रात्री साडेनऊलाच गाडी बोलावली असती. दादा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. वय ६७ आणि पोट फुटून तोवर दीड दिवस होत आलेला. पण पावणेचौदा तासांनी माणूस पोचतो आणि चार-पाच तासांनी पोचतो, यातला फरक पोटाच्या कुठल्याही सर्जनला विचारा.

दहाव्याला भेटायला आलेल्या एका आरोग्य कर्मचाऱ्यानं वहिनीच्या मोबाइलवरचा तो अहवाल पाहिला आणि म्हटलं, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, म्हणजे डेंग्यूच होता म्हणायचा. तो माणूस प्रामाणिक आहे, पाड्यापाड्यांवर चालत जाऊन काम करतो. पण त्या एका वाक्यात आपल्या किनारपट्टीवरचा सगळा धोका आला. म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो. वाचणाऱ्यांत पोटाच्या पेशंटचे नातेवाईकही असतील.

पांढऱ्या पेशी साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. जंतुसंसर्ग झाला की वाढतात, एवढं लोकांना माहीत असतं. म्हणून काउंट खाली आला की घरचे म्हणतात, चला, उतार पडला. औषध चालू असताना, ताप आणि दुखणं कमी होत असताना उतरला तर ते बरोबरही असतं. पण पोट ताठ आहे, नाडी धावते आहे आणि काउंट ४ हजारांच्या खाली आहे, तर तो उतार नव्हे. पोटाच्या आतलं अस्तर उलगडून पसरलं तर अंगावरच्या कातडीएवढं भरतं. तेवढ्या पसाऱ्यावर पू आणि घाण पसरली की रक्तातले न्यूट्रोफिल तिकडे ओढले जातात. हाडातला मगज नवे पाठवत राहतो, मग अर्धवट तयार झालेलेही पाठवतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून केलेल्या स्लाइडवर ते ओळखू येतात. केंद्रक पूर्ण तुटलेलं नसतं, नालासारखं वाकलेलं असतं, पेशीत गडद दाणे दिसतात. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की रक्तातला आकडा कोसळतो. काउंट २० हजार असलेला माणूस अजून लढत असतो. २,९०० वाल्याचा साठा संपत आलेला असतो.

त्याच वेळी लिम्फोसाइट घटतात. काही शरीरावरच्या ताणामुळे रक्तातून बाजूला होतात, काही मरतात. चार-चार दिवस त्या वर आल्या नाहीत तर ते वाईट लक्षण, हे अतिदक्षतेच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागलं की एक आकडा मिळतो, तो साधारणपणे १ ते ३ च्या दरम्यान असतो. स्लोव्हाकियातल्या एका डॉक्टरांनी २००१ मध्ये हा साधा भागाकार आजाराचा जोर मोजायला सुचवला आणि तेव्हापासून जगभर तो वापरून पाहिला गेला. दादाचा आकडा नवाच्या वर होता. प्लेटलेट घटतात कारण रक्तात जागोजागी बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि त्यात त्या खर्ची पडतात. अवयव किती बिघडले हे मोजायची जी सोफा नावाची गुणपद्धत जगभर वापरतात, तिच्यात प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या की एक गुण आणि एक लाखाच्या खाली गेल्या की दोन गुण धरतात.

हे माझं डोकं नाही. अतिदक्षता विभागात आजाराचा जोर मोजणाऱ्या १९८५ च्या अपाची-२ गुणपद्धतीत पांढऱ्या पेशींचा आकडा आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याच्या, निकषांत १२ हजारांच्या वर किंवा ४ हजारांच्या खाली, असं दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये सेप्सिसची व्याख्या बदलली, पण प्लेटलेट त्यात राहिल्याच. पोटातल्या पुवासाठी आपल्याकडचे सर्जन जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या नावाची गुणपद्धत वापरतात. त्यात वय, अवयव बिघाड, २४ तासांपेक्षा जास्त गेलेला वेळ, पोटातलं पाणी स्वच्छ की गढूळ की शौचासारखं, असे गुण असतात. ती चांगलीच आहे. पण तिच्यातला शेवटचा मुद्दा पोट उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोट उघडायला सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, सीटी स्कॅन नाही. आमच्या खाटेवर, पोट उघडायच्या आधी, पेशंट किती खोल गेला आहे हे सांगणारं हाताशी काय आहे? नाडी, श्वास, रक्तदाब, डॉक्टरांचा हात आणि जांभळ्या बुचाची एक बाटली. त्यातली बाटली तुम्ही फ्रिजमध्ये ठेवायला लावलीत.

काउंट म्हणजे देववाणी नव्हे, हेही मला माहीत आहे. बाळंतीण, स्टेरॉइड घेणारा, नुसता उलट्यांनी हैराण झालेला, यांचा काउंट पू नसतानाही वाढतो. म्हाताऱ्याचा आणि जुन्या मधुमेह्याचा काउंट पोट सडलं तरी ८ हजार राहू शकतो. जांभळ्या बुचातल्या औषधानं कधीकधी प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन खोटाच कमी आकडा छापतं. तेव्हा स्लाइड बघणारा माणूस लागतो. भागाकाराचा अमुक आकडा आला म्हणजे माणूस जाणार, असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या मर्यादा धरलेल्या आहेत. काउंट चांगला आहे म्हणून ताठ पोटाचा पेशंट थांबवून ठेवणं हा तर गुन्हाच. पण नऊ वाजताचा आकडा, तीनचा आकडा आणि सकाळचा आकडा शेजारी शेजारी मांडले की पेशंट कुठल्या दिशेला चालला आहे हे कळतं. ते कळण्यासाठी रात्री आकडा हातात पडायला हवा.

आता माझ्या तक्रारी.

रात्रीची कॉल ड्यूटी बंद केली गेली. मी नोकरीत असताना रात्री दोनला शिपाई सायकलवर घरी यायचा, मी स्वेटर घालून निघायचो. पुढे मोबाइल आले. बाळंतपणाचं हिमोग्लोबिन, सापाच्या पेशंटच्या रक्त गोठण्याची वेळ, पोटाचा काउंट, सगळं रात्री व्हायचं. तपासण्या दुसरीकडे पाठवायची व्यवस्था झाली तशी ही ड्यूटी कागदावरूनच गेली. नवी व्यवस्था आली तिला माझा विरोध नाही. थायरॉइड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल या तपासण्या गरिबाला फुकट मिळू लागल्या, हे मोठं काम झालं. पण जी तपासणी उद्या चालेल आणि जी आत्ताच हवी, या दोन्हींना एकाच गाडीत बसवलं गेलं.

बाटली रात्रभर पडून राहिली तरी मशीनला आकडे देता येतात, हे मला मान्य. स्लाइडचं तसं नाही. दोन-तीन तासांत स्लाइड ओढली नाही तर पेशी फुगतात, त्यांचे आकार बिघडू लागतात आणि ते अर्धवट तयार न्यूट्रोफिल, ते गडद दाणे ओळखणं अवघड होतं. आमच्याकडे आता पोटाच्या पेशंटची स्लाइड कोणी ओढतच नाही. पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारी मशीन ते दाखवत नाहीत.

अहवाल जातो पेशंटच्या मोबाइलवर. वॉर्डात नाही, डॉक्टरांकडे नाही. २,९०० चा आकडा ज्यानं पाहिला, त्यानं फोन उचलून रुग्णालयाला कळवायला हवं होतं. आमच्या काळी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असायचा, कोणता आकडा आला तर धावत जाऊन सांगायचं त्याचा. धावत जायचं, असेच शब्द होते त्यावर. त्या वेळच्या आमच्या मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. खोलीला रंग दिला तेव्हा तो गेला.

पावसाळ्याची तयारी म्हणजे फक्त तापाची तयारी, असं झालं आहे. त्यात तुमचं चुकलं असं म्हणवत नाही. कोकणात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, शिवाय खाली दोडामार्गाकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात माकडताप, हे सगळं खरंच आहे. पण यातल्या बहुतेकांत प्लेटलेट उतरतात, डेंग्यूत आणि माकडतापात पांढऱ्या पेशीही उतरतात. त्यामुळे प्लेटलेट कमी दिसल्या की सगळ्यांच्या तोंडी ताप येतो आणि पोट दाबून बघायचं राहून जातं. डेंग्यूत पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा पुढे पुढे लिम्फोसाइटचं प्रमाण बहुधा वाढतं. दादाच्या अहवालात ते ९ टक्के होतं. टायफॉइडमध्येही काउंट कमी असतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यातच आतडं फुटू शकतं. म्हणजे ताप आणि पोट असं हे वेगळं वेगळं नसतंच. हे सगळं एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येतं. मी पुष्कळ सिस्टरना चहाच्या सुट्टीत शिकवलं आहे.

रेफर चिठ्ठी हा आणखी एक विषय. दादाच्या चिठ्ठीवर पोटदुखी, पुढील उपचारार्थ, एवढंच होतं. वरच्या रुग्णालयानं पुन्हा पहिल्यापासून रक्त घेतलं. आधीचा आकडा काय होता हे त्यांना कळायला मार्गच नव्हता, कारण तो तेव्हा गाडीत होता.

आणि औषधं, रिएजंट. घाट बंद पडला की आमच्याकडे भाजीसुद्धा येत नाही, हे खात्याला नव्यानं सांगायला नको. आंबा घाट, अणुस्कुरा, करूळ, कुठला ना कुठला दर वर्षी अडतो. तरी रिएजंटची मागणी पाऊस सुरू झाल्यावर जाते. मशीनवर धूळ बसते आणि कागदावर मशीन उपलब्ध असतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये अत्यावश्यक चाचण्यांची राष्ट्रीय यादी काढली. रक्तपेशींची गणना तीत आहे. खासगी लॅबमध्ये ती दोन-तीनशे रुपयांत होते. फार मोठं काही मी मागत नाही. मागण्या अशा:

१. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रक्तपेशींची संपूर्ण गणना रात्रंदिवस झाली पाहिजे. तंत्रज्ञाची कॉल ड्यूटी भत्त्यासह परत सुरू करा. जिथे तंत्रज्ञच नाही तिथे रात्रीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरना मशीन चालवायला शिकवा. लॅबची एक किल्ली ड्यूटीरूममध्ये, सीलबंद पाकिटात, सही करून घेता येईल अशी ठेवा.

२. पोटदुखीचा पेशंट आणि पांढऱ्या पेशी ४ हजारांच्या खाली किंवा १२ हजारांच्या वर, किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तर स्लाइड बघितलीच पाहिजे. सर्जननं पेशंट बघेपर्यंत दर सहा तासांनी काउंट परत करा आणि आकडे एकाखाली एक, एकाच कागदावर लिहा.

३. असा आकडा दिसला की तपासणाऱ्यानं वॉर्डात फोन करायचा, फोन कोणी घेतला आणि किती वाजता, हे वहीत लिहायचं. सॅम्पल बाहेर तपासलं असलं तरीही. मोबाइलवरचा संदेश मराठीतही गेला पाहिजे.

४. रेफर चिठ्ठीवर छापील रकाने हवेत: दुखणं कधी सुरू झालं, नाडी, श्वास, रक्तदाब, लघवी किती, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, प्लेटलेट, आणि प्रत्येकापुढे वेळ. पण चिठ्ठी भरण्यासाठी किंवा काउंटची वाट बघत गाडी थांबवून ठेवायची नाही. पोट ताठ असेल तर आधी माणूस निघाला पाहिजे, आकडा फोननं मागून जाईल.

५. चार महिन्यांचं रिएजंट मिरगाच्या आत रुग्णालयात पोचलं पाहिजे. तसं पोचल्याचं दर वर्षी जाहीर करा.

६. एक्स-रे तंत्रज्ञांची रिकामी पदं भरा. सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, ही अडचण मी समजू शकतो. एक्स-रे तंत्रज्ञ मिळत नाही, हे मला पटत नाही.

७. गेल्या तीन वर्षांत पोटातल्या संसर्गानं दगावलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटचे केसपेपर काढा. पहिलं रक्त कधी घेतलं आणि त्याचा आकडा डॉक्टरांच्या हातात कधी पडला, एवढे दोनच रकाने भरा. नावं नकोत, फक्त वेळा. ते लोकांसमोर ठेवा.

कोणावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. त्या तरुण डॉक्टरांवर तर अजिबात नको. दादा गेल्याचं कळल्यावर ते तेराव्याला घरी आले होते, मागीलदारी उभं राहून रडले. असे डॉक्टर इथे टिकले पाहिजेत आणि टिकायचे तर रात्री त्यांच्या हातात काहीतरी द्या.

माझं घर रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता नजर चांगली आहे. तुमची सोय होईपर्यंत मी रात्री कधीही, एक पैसा न घेता, काउंट करायला आणि सिस्टरना चेंबर शिकवायला यायला तयार आहे. त्यासाठी लागणारी लेखी परवानगी मी अर्जात मागितली होती, तिचा तुमच्या उत्तरात उल्लेख नाही. ती परवानगी मी इथे पुन्हा मागतो. चेंबर अजून कपाटाच्या वरच्या कप्प्यातच आहे, मागच्या आठवड्यात शिपायाला विचारून खात्री केली. त्याच्यावर ठेवायची जाड काच मात्र तडकली आहे, तेवढी नवी मागवा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ